ऑटोक्रॉससाठी जुनी गाडी : एस्टीम, सिटी की झेन? सगळं मिळून बजेट दीड लाख

कऱ्हाडचा_क्लच

नमस्कार मंडळी,

ऑटोक्रॉसमध्ये (कोन, म्हणजे शंकू, मांडून आखलेल्या वळणावळणाच्या मार्गावर घड्याळाविरुद्ध गाडी चालवण्याच्या स्पर्धेत) हौशी म्हणून उतरायचं आहे आणि त्यासाठी वेगळी जुनी गाडी घ्यायची आहे. घरची गाडी यात घालायची नाही, हे ठरलेलं आहे. दीड लाखात गाडी, दुरुस्ती, टायर, हेल्मेट सगळं बसवायचंय. टोइंगचा खर्च झेपणार नाही, म्हणजे स्पर्धेच्या जागी गाडी चालवतच न्यायची आणि चालवतच आणायची. त्यामुळे कागदपत्रं चालू हवीत.

सध्या तीन गाड्या नजरेत आहेत, तिन्ही पेट्रोल : २००५ ची एस्टीम व्हीएक्सआय, २००२ ची होंडा सिटी १.५ व्हीटेक आणि २००३ ची झेन. मन सिटीकडे ओढतंय, कारण इंजिन दमदार. पण मित्रांपैकी दोघं एस्टीमच घे म्हणतात.

प्रश्न दोन. गाडी बघायला गेल्यावर नेमकं काय तपासायचं? आणि घेतल्यावर पहिला पैसा कशावर घालायचा?

दुसरा_गिअर

दादा, बीएचपी बघून गाडी निवडू नका. ऑटोक्रॉसमध्ये एका वेळी एकच गाडी सुटते, घड्याळाविरुद्ध, आणि सुरुवात सोडली तर जवळजवळ सगळा वेळ दुसऱ्या गिअरमध्ये जातो. त्या वेगात वजन, टायर आणि गाडी किती चटकन वळते यावर वेळ ठरते. सिटी व्हीटेकचे १०६ बीएचपी खरे आहेत, पण ते वरच्या आरपीएमला मिळतात. वळणातून बाहेर पडताना इंजिन तिथे असेलच असं नाही. एस्टीमचं १२९८ सीसी १६ व्हॉल्व्ह एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं) इंजिन ८५ बीएचपीचं आणि गाडी पावणेनऊशे किलोच्या आसपास. हे गणित चांगलं जुळतं.

दुसरी गोष्ट वर्गाची. बहुतेक ठिकाणी गट इंजिनाच्या सीसीवर पडतात आणि १४०० ही नेहमीची रेषा आहे. एस्टीम तिच्या आत बसते, तुमची १५०० ची सिटी बाहेर जाते आणि वरच्या गटात तयार केलेल्या गाड्यांसमोर उभी राहते.

आता तपासणी. क्रमाने जा, आणि पहिल्या टप्प्यावर गाडी नापास झाली तर पुढे वेळ घालवू नका.

सगळ्यात आधी पत्रा. इंजिन बांधता येतं, गिअरबॉक्स दुसरा मिळतो, पण कुजलेला सांगाडा दीड लाखात सरळ होत नाही. बॉनेट उघडून शॉकअपच्या वरच्या टोकाभोवतीचा पत्रा बघा. तिथे सांध्यातलं मूळ सीलंट सलग दिसायला हवं. वेल्डिंगचे ओबडधोबड ठिपके, नवा रंग किंवा दोन बाजूंमध्ये फरक दिसला, तर गाडी समोरून ठोकलेली आहे. बॅटरीच्या ट्रेखाली ॲसिडने खाल्लेलं असतं, ट्रे उचलून बघा. मग चारही दरवाजे उघडून खालची पट्टी अंगठ्याने जोरात दाबा. कुरकुर आवाज आला किंवा पत्रा आत गेला, की आतून गंज आहे. मॅटिंग उचला, ड्रायव्हरच्या पायाखालची जमीन आणि डिकीतली स्टेपनीची खळगी बघा. एक छोटं लोहचुंबक रुमालात गुंडाळून मागच्या चाकाच्या कमानीवर फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. बाहेरच्या दारावर थोडी पुट्टी चालेल. मागच्या सस्पेन्शनचे आर्म जिथे बॉडीला बोल्टने बसतात, तिथे मात्र अजिबात नको.

दुसरं, गिअरबॉक्स. इंजिन गरम झाल्यावर गाडी चालवा, पहिल्यातून दुसऱ्यात जोरात टाका, मग तिसऱ्यातून दुसऱ्यात पटकन उतरा, असं सात-आठ वेळा. दुसरा गिअर पडताना खर्र होत असेल तर सिंक्रो रिंग (गिअरचे वेग जुळवणारी कडी) गेली आहे. रोजच्या वापरात माणूस हळू गिअर टाकून ते लपवतो, ऑटोक्रॉसमध्ये ते पहिल्याच दिवशी उघडं पडतं. थ्रॉटल एकदम सोडल्यावर गिअर स्वतःहून निसटत असेल तर ती गाडी सोडा. क्लचसाठी चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला पूर्ण ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएम वर गेला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच प्लेट संपली. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून पहिल्या गिअरमध्ये गोल फिरवा. कटकट कटकट आवाज म्हणजे एक्सलचा सीव्ही जॉइंट गेला. क्लच सोडताना गाडी धप्पकन हलली तर इंजिन माउंटिंग फाटलेलं आहे. हे दोन्ही स्वस्तात होतं, त्यावरून फक्त भाव पाडा.

तिसरं, कूलिंग. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत हमखास सापडणारा प्रकार म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकलेला आणि फॅन डायरेक्ट, म्हणजे सतत चालू राहील असा, केलेला. गाडी तापत होती, तिचं कारण शोधायचं सोडून मेकॅनिकने हा उपाय केलेला असतो. थंड गाडी सुरू करा आणि रेडिएटरचा वरचा पाइप हाताने धरून ठेवा. थर्मोस्टॅट असेल तर तो पाइप काही मिनिटं थंडच राहतो आणि मग एकदम गरम होतो. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट नाही. अशा गाडीत इंजिन लवकर तापमानावर येत नाही, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल सोडत राहतो आणि मूळ आजार, म्हणजे चोंदलेला रेडिएटर किंवा फुंकलेलं हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं पॅकिंग), आत तसाच असतो. रेडिएटरचं झाकण गाडी थंड असतानाच उघडा. आत लालसर गंजाचं पाणी म्हणजे वर्षानुवर्षं साधं पाणी भरलेलं. ऑइलच्या झाकणाखाली कॉफीच्या रंगाचा फेस दिसला तर गाडी तिथेच ठेवून घरी या.

हे सगळं पार झालं तर कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो याची मोजणी) करून घ्या. मालक नाही म्हणाला तर गाडीही नाही.

लाल_माती

वरचं पटतं, पण एक राहिलं. तुमची ऑटोक्रॉस कशावर होणार आहे? आपल्याकडे बऱ्याच स्पर्धा मातीवर होतात, आणि तिथे पहिली बाद होते ती सिटीच. गाडी खाली आहे. चाकोरी पडलेल्या ट्रॅकवर दुपारपर्यंत मधला उंचवटा एवढा वाढतो की ऑइल चेंबर आणि सायलेन्सर घासत जातो. शिवाय त्या काळच्या होंडा इंजिनांत टायमिंग बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनला धडकून वाकतात, म्हणजे एका बेल्टपायी हेड उतरवावं लागतं. बॉडीचे पार्टही आता शोधत फिरावे लागतात.

झेनबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ९९३ सीसी, हलकी, आखूड, कोनमधून काढायला फार सोपी. शिकायला झेनएवढी प्रामाणिक गाडी कमी. मात्र एमपीएफआयच घ्या. कार्ब्युरेटरच्या झेनमध्ये लांब वळणात फ्लोट चेंबरमधलं (कार्ब्युरेटरच्या छोट्या टाकीतलं) पेट्रोल एका बाजूला सरकतं आणि नेमकं बाहेर पडताना इंजिन अडखळतं. पॉवर स्टिअरिंग नसलेली झेन टाळा, सलग उलटसुलट वळणांत हात पुरे पडत नाहीत.

माझं मत विचाराल तर तुमच्या यादीत नसलेली एक गाडी झेनच्या आधी बघा : अल्टो व्हीएक्सआय १.१. तेच जुनं वॅगन-आरचं चार सिलिंडरचं १०६१ सीसी, ६२ बीएचपी. दिसायला साधी अल्टो, त्यामुळे विकणाऱ्यालाही बऱ्याचदा तिची किंमत माहीत नसते. आरसीवर सीसी १०६१ आहे ना, तेवढं बघा. नाहीतर ७९६ वाली गळ्यात पडेल.

थोडं बजेट वाढलं तर पहिली स्विफ्ट १.३ पेट्रोल. इंजिन एस्टीमच्याच घराण्यातलं, ८७ बीएचपी, वजन मात्र टनाच्या आसपास. पार्ट कोणत्याही गावात. पण दीड लाखात चांगली स्विफ्ट आणि टायर दोन्ही बसणं कठीण, आणि टायर सोडून गाडी घेण्यात अर्थ नाही.

जिप्सीच्या नादी लागू नका. उंच, मागे-पुढे पाटे, भाव चढे आणि तिचा गट बहुधा वेगळा असतो.

खडू_आणि_हवा

पहिला पैसा कशावर, याचं उत्तर कोणी दिलं नाही. टायरवर. इंजिनावर नाही, फिल्टरवर नाही, सायलेन्सरवर तर मुळीच नाही. २५ हजार रुपये खर्चून इंजिनातून पाच-सात घोडे काढाल, पण जुन्या कडक टायरांवर तेही जागच्या जागी फिरतील.

टायरच्या बाजूवर डीओटीच्या पुढे चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुन्या गाडीचे टायर कमी चाललेले आणि खाच भरपूर असलेले दिसतात, पण सहा-सात वर्षांत रबर कडक होतं. नखाने दाबून बघा, ठसा उठत नसेल तर ते फक्त घरी घेऊन येण्यापुरते. एस्टीमला कंपनीचा आकार १७५/७० आर १३. तोच ठेवा. रुंद टायर घालून स्टिअरिंग जड होतं, कमानीला घासतं आणि गिअरिंगही बिघडतं. चार घ्यायला पैसे नसतील तर दोन नवे पुढे घाला, फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत ब्रेक, वळण आणि ओढ तिन्ही पुढच्याच चाकांवर. पण मग परतीच्या वाटेवर ओल्या रस्त्यावर सांभाळून, मागची बाजू सुटायला वेळ लागत नाही.

हवा कशी ठरवायची ते नीट सांगतो, कारण यातच फुकटात सेकंद मिळतात. डांबरी ट्रॅकवर चारही चाकांत ३६ पीएसआयपासून सुरू करा. टायरच्या खांद्यावर, म्हणजे जमिनीला टेकणारा भाग संपून बाजू सुरू होते तिथे, बारीक त्रिकोण असतो. त्या त्रिकोणावरून आत नक्षीपर्यंत खडूची जाड रेघ मारा, प्रत्येक टायरवर तीन ठिकाणी. एक फेरी मारून या आणि रेघ कुठपर्यंत पुसली ते बघा. त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसली तर हवा बरोबर. त्रिकोण ओलांडून बाजूवर गेली तर टायर दुमडतोय, २ पीएसआय वाढवा. नक्षीच्या काठालाच थांबली तर २ कमी करा. दोन फेऱ्यांनंतर टायर तापून हवा आपोआप ३-४ ने वाढते, तेव्हा प्रत्येक फेरीनंतर मोजा आणि जादा सोडून द्या. स्वतःचा गेज ठेवा, पंपावरच्या आकड्याचा भरवसा नको.

गाडी वळणात नाक बाहेर काढत असेल, आणि ती काढणारच, तर मागच्या चाकांत पुढच्यापेक्षा २ ते ४ जास्त ठेवून बघा. मातीवर वेगळं : २८ च्या आसपास, २५ च्या खाली नको, ट्यूबलेस टायर रिमवरून सुटतो.

अलाइनमेंटसाठी जेवढ्या गाड्यांत पुढचा स्ट्रट (शॉकअपचा खांब) नकलला (चाक धरणाऱ्या भागाला) दोन बोल्टने धरलेला असतो, त्या सगळ्यांत थोडा कॅम्बर (चाकाचा उभा कल) फुकट मिळतो. चाक काढा, दोन्ही नट सैल करा, वरची बाजू आत ढकला आणि भोकांतला तेवढा ढिलेपणा एका बाजूला घेऊन टॉर्क रेंचने आवळा. दोन्ही बाजूंना सारखं करा. यानंतर टो, म्हणजे वरून बघता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं, बदलतो, म्हणून टो शेवटी. नुसती ट्रॅकची गाडी असती तर पुढे एकूण २ मिमी टो-आउट (चाकं किंचित बाहेर वळलेली) म्हटलं असतं. तुम्ही हायवेने ये-जा करणार, तेव्हा शून्य ते १ मिमी, नाहीतर टायरची आतली कड खाऊन जाईल.

टायरनंतर ब्रेक ऑइल. सगळं जुनं काढून डॉट ४ भरा. नवं डॉट ४ कमीत कमी २३० अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १५५ पर्यंत खाली येऊ शकतं. फेऱ्या सलग झाल्या की पेडल मऊ पडतं ते याच कारणाने. मग शॉकअप, लोअर आर्मचे बुश, टायरॉड एंड (सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचे झिजणारे सांधे). एवढं झाल्यावर पैसे उरले तर टायरचा दुसरा जोड.

एसआर_आधी_वाचा

कागदाचं कोणीतरी लिहायला हवं.

२००५ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षं केव्हाच उलटली. आरसीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होतं. तुम्ही बघताय त्या गाडीचं कधीपर्यंत आहे ते आरसीवर बघा, विकणाऱ्याच्या बोलण्यावर जाऊ नका. केंद्राच्या दरानुसार पंधरा वर्षांवरच्या कारला नूतनीकरण शुल्क ५००० रुपये, वीस वर्षांवरच्यांसाठी ते आणखी वाढवलंय, त्यावर महाराष्ट्राचा पर्यावरण कर, आणि गाडी आरटीओसमोर उभी करावी लागते. तुमच्या तीन गाड्यांत मुदत सगळ्यात लांब असलेली गाडी हजारोंनी स्वस्त पडते. हायपोथिकेशन (गाडीवरचा कर्जाचा बोजा), थकलेली ई-चलनं एमपरिवहन ॲपवर दिसतात. परराज्यातली गाडी असेल तर एनओसी हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे नाहीत. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) पाटीही बसवलेली हवी.

विमा. खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात आणि त्यात ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, रिलायबिलिटी ट्रायल, स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं. ट्रॅकवर जे मोडेल ते तुमच्या खिशातून. म्हणूनही महागडी गाडी नको.

सराव रस्त्यावर नको. सार्वजनिक ठिकाणी सरकारच्या लेखी परवानगीशिवाय शर्यत किंवा वेगाची चाचणी हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. स्पर्धा एफएमएससीआयची (देशातल्या मोटर स्पोर्ट्सच्या संघटनेची) मान्यता असलेलीच निवडा आणि तिचं स्पर्धेचं लायसन्स आधी काढा. प्रत्येक स्पर्धेचे सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स, म्हणजे एसआर, नाव देण्याआधी वाचा : कोन पाडल्याची शिक्षा किती सेकंद, मार्ग चुकला तर काय, हेल्मेट कोणत्या दर्जाचं, मागची सीट काढलेली चालते का, टायर कोणता चालतो. हे दरवेळी सारखं नसतं. आयएसआय हेल्मेटवर भागतं असं गृहीत धरून जाल आणि स्पर्धेआधीच्या तपासणीत अडवतील.

तपासणीच्या रांगेत गाड्या अडतात त्या बहुतेक साध्या कारणांनी. बॅटरी क्लॅम्पने घट्ट नाही, व्हील नट एखादा कमी, ॲक्सिलरेटर केबल परत येताना अडते, डिकीत जॅक लोळतोय. आदल्या रात्री बघून घ्या.

कऱ्हाडचा_क्लच

सगळ्यांचे मनापासून आभार. सिटी यादीतून काढली. एस्टीम बघून आलो. पत्रा चांगला आहे, फक्त डाव्या मागच्या कमानीवर पुट्टी. दुसरा गिअर गरम गाडीवरही स्वच्छ पडतो. थर्मोस्टॅट जागेवर आहे. आरसीची मुदत अजून चार वर्षं. कॉम्प्रेशनचे आकडे चारही सिलिंडरचे क्रमाने : १३.१, १२.९, ११.२, १३.० किलो (दर चौरस सेंटिमीटरला). मालक ९० हजार म्हणतोय. तिसऱ्या सिलिंडरचं काय समजायचं?

दुसरा_गिअर

आधी टेस्ट कशी घेतली ते बघा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इग्निशन आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढलेले, बॅटरी भरलेली आणि थ्रॉटल पूर्ण उघडा, असं असेल तरच आकडे खरे. थ्रॉटल मिटलेला राहिला तर चारही कमी येतात, तुमचा एकच कमी आहे, म्हणजे बहुधा आकडा खराच. या इंजिनाचं प्रमाण १४, किमान १२ आणि दोन सिलिंडरमधला फरक १ पेक्षा जास्त नको. तिसरा दोन्हीकडे नापास होतोय.

आता वेट टेस्ट सांगा. तिसऱ्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून एक मोठा चमचा, साधारण १५ मिली, इंजिन ऑइल सोडायचं, दोन-तीन वेळा क्रँक करायचं आणि परत गेज लावायचा. आकडा १२.५ च्या वर उडाला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत किंवा चिकटल्या आहेत. ऑइलने तात्पुरती फट भरली म्हणून आकडा वाढतो. जागचा हलला नाही तर गळती वर आहे, म्हणजे व्हॉल्व्ह. शेजारचे दोन्ही ठीक आहेत, त्यामुळे दोन सिलिंडरमधलं गॅस्केट फुटल्याची शक्यता कमी.

व्हॉल्व्ह निघाला तर आधी टॅपेट (व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा भाग यांमधली फट) तपासून घ्या. क्लिअरन्स फार कमी असेल तर व्हॉल्व्ह पुरता बसतच नाही, आणि एवढंच असेल तर अर्ध्या तासाचं काम. तसं नसेल तर हेड उतरवून व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, नवी सील, नवं गॅस्केट, आणि त्याच वेळी टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप. हे सगळं तुमच्या बजेटमध्ये बसतं. रिंगा निघाल्या तर इंजिन पूर्ण खोलावं लागेल. तेव्हा भाव ६० च्या आसपास आणा, नाहीतर दुसरी एस्टीम बघा, गाड्या अजून मिळतात.

घेतल्यावर पेट्रोलचे रबरी पाइप टाकीपासून इंजिनावरच्या फ्युएल रेलपर्यंत बदला, इथेनॉल चालणारे. २००५ चं रबर २० टक्के इथेनॉलसाठी बनलेलं नाही, ते फुगतं आणि भेगाळतं, आणि एमपीएफआयमध्ये त्यात दाब असतो. गळती थेट गरम इंजिनावर होते. स्पर्धेच्या दिवशी टाकी तिसरा हिस्सा तरी भरलेली ठेवा, त्याखाली लांब वळणात पंप हवा ओढतो. इंजिन ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेला बरोबर.

लाल_माती

पत्रा आणि गिअरबॉक्स असा असेल तर सोडू नका, वेट टेस्ट करून बोला.

हँडब्रेक आजच बघून घ्या, मातीवर आखूड वळणं त्यावरच निघतात. मागचे ड्रम उघडा, लायनरवर ऑइल किंवा ग्रीस लागलेलं नको, व्हील सिलिंडर गळत नाही ना बघा. आधी ड्रममधला ॲडजस्टर, मग केबल, हा क्रम उलटा करू नका. पाच-सहा दातांत दोन्ही मागची चाकं एकदम लॉक व्हायला हवीत. एक आधी आणि एक नंतर लॉक होत असेल तर गाडी वळायच्या ऐवजी तिरकी ओढली जाईल. फेरी संपवून आल्यावर हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, पहिल्या गिअरमध्ये उभी करा. तापलेल्या ड्रमला लायनर चिकटतो.

आणि सीटबेल्टचं एक : सीट दोन खाचा मागे सरकवा, बेल्ट लावा, छातीवरचा पट्टा झटक्याने ओढा म्हणजे रीळ लॉक होईल. पट्टा तसाच ताणलेला धरून सीट पुढे घ्या. अंग सीटला घट्ट बसतं आणि वळणात स्टिअरिंगला लटकावं लागत नाही.